मोठ्या चाकांचा हिशेब

इंजिनात तयार झालेला जोर गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टवर, तिथून अ‍ॅक्सलमधल्या क्राऊन-पिनियनवर आणि शेवटी चाकापर्यंत येतो. या साखळीतले गिअर कंपनीने दात मोजून ठरवलेले असतात. शेवटचा गिअर मात्र दातांचा नसतो. तो असतो टायर, आणि त्याचे प्रमाण ठरते टायरच्या व्यासावरून. चाक बदलताना लोक रंग, नक्षी, रुबाब पाहतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते गाडीचा एक गिअर बदलत असतात. मोठी चाके लावल्यावर गाडी जड का वाटते, ब्रेक मऊ का लागतात, स्पीडोमीटर चुकीचे का दाखवतो, या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी इथेच सापडतात.

हा शौक सर्वांत मोठ्या प्रमाणावर आहे तो अमेरिकेत. तिथे पिकअप ट्रक हे शेतावरचे, बांधकामावरचे आणि तितकेच घरातले वाहन आहे. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून त्या देशात सर्वाधिक खपणारी ट्रकमालिका आहे. अशी गाडी घेतली की काही दिवसांत तिची मूळ चाके काढून बाहेरून घेतलेली मोठी चाके बसवायची, ही तिथली रुळलेली रीत आहे. लास वेगासमध्ये दरवर्षी भरणारे सेमा प्रदर्शन अशाच बाहेरच्या सुट्या भागांच्या व्यापारासाठी असते. त्यामुळे एफ मालिकेतली एफ-१५० हीच गाडी उदाहरणाला घेणे सोयीचे.

‘मोठे चाक’ म्हणताना दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. एक म्हणजे धातूची रिम मोठी करणे. दुसरी म्हणजे टायरसकट संपूर्ण चाकाचा व्यास वाढवणे. या दोन्हींचे परिणाम इतके वेगळे आहेत की आधी टायरवरचा आकडा नीट वाचता आला पाहिजे. २६५/७० आर १७ या मापात २६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ७० म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ७० टक्के, अर्थात १८५.५ मिमी. १७ हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ४३१.८ मिमी. रिमच्या वर आणि खाली साइडवॉल असल्याने ती दोनदा मिळवायची. एकूण व्यास येतो सुमारे ८०३ मिमी. एफ-१५० च्या साध्या आवृत्त्यांवर हे माप येते.

आता त्याच गाडीला २८५/४५ आर २२ हे दिखाऊ चाक लावले, तर रिम पाच इंचांनी वाढते, पण एकूण व्यास होतो ८१५ मिमी. फरक दीड टक्का. गिअरच्या हिशेबाने जवळपास काहीच बदलले नाही. बदलली ती साइडवॉल, जी १८५ वरून १२८ मिमीवर आली. याउलट १७ इंचांचीच रिम ठेवून ३१५/७० आर १७ टायर बसवला, तर व्यास ८७३ मिमी होतो. बाजारात याला ‘पस्तीस इंची’ म्हणतात, प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो. इथे रिम तीच आहे, तरी गाडीचा स्वभाव बदलतो.

व्यासातली वाढ ८.७ टक्के. मूळ टायर एका किलोमीटरला सुमारे ३९६ फेरे घेत होता, नवा ३६५ घेतो. अ‍ॅक्सलने दिलेला पीळ तेवढाच राहतो, पण तो जमिनीपर्यंत पोहोचवणारा दांडा, म्हणजे चाकाची त्रिज्या, लांब झाला. त्यामुळे रस्त्यावर मिळणारी ओढ आठ टक्क्यांनी घटते. हे नुकसान प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक वेगाला होते.

आकडा लहान वाटतो. तो किती मोठा आहे हे कंपनीच्याच पर्यायांवरून कळते. एफ-१५० साठी क्राऊन-पिनियनची ३.३१, ३.५५ आणि ३.७३ अशी प्रमाणे दिली गेली आहेत. ३.३१ हे हलके काम आणि चांगले अ‍ॅव्हरेज हवे असणाऱ्यांसाठी, ३.७३ हे जड ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी. ३.५५ च्या गाडीला पस्तीस इंची चाके लावली की तिचे परिणामी प्रमाण ३.२७ होते. ओढण्यासाठी मधला पर्याय विचारपूर्वक निवडलेल्या माणसाच्या हातात या तिन्हींतल्या सर्वांत हलक्या पर्यायाहूनही हलकी गाडी येते. कंपनीच्या माहितीपत्रकात ट्रेलर ओढण्याची क्षमता या प्रमाणांनुसार वेगवेगळी छापलेली असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही बाब गंभीर का आहे ते समजते. चाके बदलल्यावर त्या तक्त्यातली कोणतीही ओळ आपल्या गाडीला लागू पडत नाही.

चढावर आणि भरल्या गाडीत हे सर्वांत आधी जाणवते. पूर्वी वरच्या गिअरमध्ये निघणारा चढ आता एक गिअर खाली उतरल्याशिवाय निघत नाही. नव्या एफ-१५० चा दहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स ही उणीव बरीचशी झाकतो, कारण त्याच्याकडे खाली उतरायला पायऱ्या भरपूर आहेत. पण त्याची किंमत चुकवावी लागते. गिअर सारखे वरखाली होत राहतात, टॉर्क कन्व्हर्टर अधिक वेळ घसरत चालतो आणि गिअरबॉक्सचे तेल जास्त तापते. तापलेले तेल हे स्वयंचलित गिअरबॉक्सचे आयुष्य घटवणारे एक मुख्य कारण आहे. महामार्गावर मात्र उलटा फायदा मिळेल असे वाटते: फेरे कमी, म्हणून इंजिन आठ टक्के सावकाश फिरणार आणि इंधन वाचणार. जुन्या, चार गिअरच्या गाड्यांत असे क्वचित घडतही असे. आजच्या गाड्यांचे वरचे गिअर मुळातच इतके लांब असतात की इंजिन त्याहून सावकाश फिरवले तर वारा आणि चढ यांच्यापुढे ते टिकत नाही, आणि गिअरबॉक्स खाली उतरतो.

वजन ही दुसरी बाजू, आणि तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. मूळ टायर सुमारे १८ किलोचा असेल, तर जाड साइडवॉलचा, खोल नक्षीचा पस्तीस इंची टायर ३० किलोच्या घरात जातो. चार चाकांवर मिळून पन्नासेक किलो वाढतात. फिरत्या चाकाचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, असे गॅरेजमधून नेहमी ऐकू येते. भौतिकशास्त्र एवढे पुढे जात नाही. चाक पुढे जाते आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरते. सगळे वजन अगदी परिघावर आहे असे मानले, तरी फिरण्याला लागणारी ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेएवढीच असते. म्हणजे वेग घेताना परिघावरचा एक किलो जास्तीत जास्त दोन किलोंसारखा वागतो. पन्नास किलोंचे शंभर झाले. दोन टनांहून जड असलेल्या गाडीला हा भार चारपाच टक्क्यांचा आहे. तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण वेग घेण्यातली मुख्य तूट व्यासामुळे येते, वजनामुळे नव्हे. हलक्या मिश्रधातूच्या रिमवर जादा पैसे खर्चून पस्तीस इंची टायर बसवणारा खर्चाची दिशाच चुकवतो.

वजनाचा खरा उपद्रव होतो तो खाली, सस्पेन्शनमध्ये. स्प्रिंगच्या वर असलेले वजन आणि स्प्रिंगच्या खालचे वजन यांत फरक आहे: डोक्यावर किलोभर ओझे घेऊन चालणे निराळे आणि पायांत तेवढेच जड गमबूट घालून चालणे निराळे. खड्ड्यातून वर उसळलेले चाक पुन्हा रस्त्यावर दाबून आणणे हे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचे काम. त्यांची ताकद मूळ चाकाच्या वजनाला अनुसरून ठरवलेली असते. प्रत्येक चाकामागे बारातेरा किलो वाढले की चाक सावकाश परत येते, अधिक वेळा उसळते, आणि जेवढा वेळ ते हवेत किंवा रस्त्यावर हलके टेकलेले असते तेवढा वेळ ना वळण्याची पकड मिळते ना ब्रेकची. खराब रस्त्यावर सुकाणू थरथरणे, शॉकअब्सॉर्बर लवकर गळणे, बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे टोक सैल होणे या तक्रारींचे मूळ इथे असते.

त्यात बाहेरच्या रिमचा ऑफसेट भर घालतो. रिमच्या मध्यरेषेपासून हबला चिकटणारा पृष्ठभाग किती आत किंवा बाहेर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. रुंद टायर आत घासू नये आणि गाडी रुंद, ऐटदार दिसावी म्हणून बाहेरच्या चाकांचा ऑफसेट बरेचदा ऋण असतो. मूळ चाक +४४ मिमीचे आणि नवे −१२ मिमीचे असेल, तर टायरचा मध्य ५६ मिमी बाहेर सरकतो. गाडीचे वजन तेच राहते, पण व्हील बेअरिंगवर ते लांबच्या टोकावरून येते. सुकाणूचा आस जमिनीला जिथे छेदतो ते ठिकाण आणि टायरचा मध्य यांतले अंतरही वाढते, म्हणून एका बाजूच्या खड्ड्याचा किंवा ब्रेकचा झटका थेट स्टिअरिंगमध्ये येतो. नटांच्या वर्तुळाचे माप जुळणे ही तर प्राथमिक अट: एफ-१५० ला सहा नट १३५ मिमीच्या वर्तुळावर लागतात, शेवरोले सिल्व्हराडो १५०० ला तेच सहा नट १३९.७ मिमीवर. ४.७ मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही.

ब्रेकच्या बाबतीत पुन्हा त्रिज्याच आडवी येते. पॅड डिस्कला दाबून धरतात तेव्हा तयार होणारा रोधक पीळ ठरावीक असतो. चाकाची त्रिज्या ८.७ टक्के वाढली, तर त्याच पिळातून रस्त्यावर मिळणारा थांबवण्याचा जोर आठ टक्क्यांनी कमी होतो. शिवाय फिरत्या टायरांची वाढलेली ऊर्जाही पॅडनाच शोषायची असते. कोरड्या रस्त्यावर रिकामी गाडी एकदा करकचून थांबवली, तर अंतरात फार फरक पडेलच असे नाही, कारण आजचे ब्रेक टायर जाम करण्याइतके समर्थ असतात आणि तिथे मर्यादा टायरच्या पकडीची असते. मात्र पेडल जास्त दाबावे लागते. मागे ट्रेलर आहे, लांब घाट उतरायचा आहे, ब्रेक वारंवार लागत आहेत, अशा वेळी उष्णता साठत जाते आणि मूळ आरेखनात ठेवलेला सुरक्षिततेचा वाव कमी होतो. चिखलासाठीच्या खोल नक्षीच्या टायरांची ओल्या डांबरावरची पकड साध्या टायरपेक्षा कमी असते, हेही त्यात धरायला हवे.

वेगाचे आकडे चुकतात ते याच हिशेबाने. गाडी फेरे मोजते, अंतर नव्हे. काटा १०० दाखवत असेल, तेव्हा गाडी खरे तर १०९ च्या आसपास धावत असते. ओडोमीटरवर १०,००० किलोमीटर दिसतात, तेव्हा गाडीने सुमारे १०,८७० कापलेले असतात. तेल बदलण्याची आणि वॉरंटीची मुदत त्या प्रमाणात मागे पडते. अ‍ॅव्हरेजच्या चर्चेतही इथेच घोळ होतो. लिटरमागे ७ किलोमीटर पडले असे ओडोमीटरवरून काढले, तर खरा आकडा ७.६ असतो. मोठ्या चाकांनी अ‍ॅव्हरेज कमी होते हे खरेच आहे. वजन वाढते, जाड नक्षी रस्त्यावर जास्त मुरडते, उंच झालेल्या गाडीला आणि रुंद टायरना वारा जास्त अडतो. पण दुरुस्त न केलेल्या ओडोमीटरमुळे तूट आहे त्याहून मोठी दिसते.

आजच्या गाडीत ही चूक काट्यापुरती राहत नाही. गिअर कधी बदलायचा, घसरणारे चाक कधी धरायचे, वळणावर गाडी ठरल्या मार्गाने जाते आहे की नाही, हे सगळे निर्णय चाकांच्या वेगावरून घेतले जातात. म्हणून टायरचे नवे माप संगणकात भरून घेणे आवश्यक ठरते. टायरमधली हवा सांगणारे सेन्सर २००८ च्या मॉडेलवर्षापासून अमेरिकेतल्या सर्व नव्या हलक्या वाहनांना सक्तीचे आहेत. नव्या रिममध्ये ते हलवले नाहीत तर इशाऱ्याचा दिवा पेटून राहतो आणि चालक तो पाहणेच सोडून देतो.

रिम मोठी आणि साइडवॉल बुटकी, या दिखाऊ प्रकाराचे दोष निराळे आहेत. गाडीचा भार रबर पेलत नाही, टायरमधली दाबलेली हवा पेलते. साइडवॉल बुटकी झाली की हवेला जागा कमी उरते आणि तोच भार पेलायला दाब जास्त लागतो. खड्ड्याची कड लागली की मूळ टायर मुरडून धक्का गिळतो. बुटका टायर रिमपर्यंत चेपतो, आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो किंवा रिमच वाकते. वळणावर मात्र अशी गाडी चटकन प्रतिसाद देते, कारण साइडवॉल कमी झुकते. गुळगुळीत रस्त्यावर रिकाम्या गाडीसाठी हा गुण आहे. भार वाहणाऱ्या गाडीत टायरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, हे आधी पाहावे लागते. अमेरिकेत टायरचे दोन वर्ग आहेत: प्रवासी गाड्यांचे आणि ‘एलटी’ छापाचे हलक्या ट्रकांचे. प्रवासी वर्गाचा टायर पिकअपवर लावला तर त्याची छापील क्षमता १.१० ने भागून धरायची असते. एलटी टायर दणकट असतो, पण तेवढाच भार पेलायला त्याला हवा जास्त लागते. दारावरच्या पट्टीवर छापलेला दाब मूळ टायरसाठी असतो, नव्यासाठी नाही.

एवढे तोटे असूनही मोठा टायर निव्वळ हौस नाही. क्राऊन-पिनियन सामावणारा डिफरन्शियलचा गोळा हा खडकाळ वाटेवर सर्वांत आधी आपटणारा भाग. लिफ्ट किटने गाडीची बॉडी वर जाते, पण अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत हा गोळा आहे तिथेच राहतो. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, मोठा टायर. व्यास ७० मिमी वाढला की गोळा त्याच्या निम्म्याने, ३५ मिमीने वर जातो. मोठे चाक दगडाला जास्त पसरट कोनात भिडते, म्हणून चढून जाते. वाळूत हवा कमी केली की ते लांब पसरते आणि रुतत नाही. हे सर्व मिळते ते उंच साइडवॉलमुळे. फोर्डने २०२१ च्या एफ-१५० रॅप्टरला ३७ इंची टायरांचा पर्याय दिला, तेव्हा रिम १७ इंचांचीच ठेवली. साइडवॉल दहा इंचांच्या घरात गेली. वाळवंटात वेगाने धावण्यासाठी आखलेल्या गाडीची रिम लहान आणि दुकानापुढे उभ्या असलेल्या गाडीची २२ इंची, यात दोन्हींचे उद्देश स्पष्ट दिसतात.

उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था २००१ पासून गाडी उलटण्याच्या धोक्याचे मानांकन देते. त्याचा पाया साधा आहे: दोन चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधले अंतर १.७० मीटर आणि उंची ०.७५ मीटर धरली तर उत्तर १.१३ येते. मोठ्या टायरने ३५ मिमी आणि त्यांना जागा करण्यासाठी लावलेल्या किटने आणखी ५० मिमी वाढले, तर ते १.०२ वर उतरते. ऋण ऑफसेटने चाके बाहेर सरकतात, त्यामुळे थोडी भरपाई होते. म्हणजे बेअरिंगवर भार टाकणारी तीच गोष्ट स्थैर्याला मदत करते. उंच झालेली गाडी अचानक लेन बदलताना जास्त झुकते, आणि मोठ्या टायरची मऊ, उंच साइडवॉल त्या झुकण्यात भर घालते.

गाडी बनवणारेच मोठी चाके देतात, तेव्हा ते काय करतात हे पाहण्यासारखे आहे. फोर्ड ब्रॉन्कोच्या सॅस्क्वॉच पॅकेजमध्ये पस्तीस इंची टायर येतात. त्यांच्याबरोबर क्राऊन-पिनियनचे प्रमाण ४.७० होते, शॉकअब्सॉर्बर बदलतात, सस्पेन्शन उंच होते, दोन्ही डिफरन्शियलना लॉक मिळतो आणि टायर झाकणारे रुंद फेंडर लागतात. रॅप्टरला ४.१० चे प्रमाण आहे. तरीही ३७ इंची पर्यायात ओढण्याची आणि भार वाहण्याची जाहीर क्षमता कमी केलेली आहे. आरेखनापासून सगळे हाताशी असलेल्या कंपनीलाही ही तडजोड टाळता आली नाही.

बाहेरून चाके लावणाऱ्याने याच मार्गाने जायचे तर मूळ ओढ परत मिळवण्यासाठी ३.५५ च्या जागी ३.८६ लागेल. या गाडीसाठी तयार मिळणारे जवळचे प्रमाण ४.१०, ते बसवल्यावर परिणामी ३.७७ मिळते, म्हणजे मूळ गाडीपेक्षा थोडी जास्तच ओढ. ३.७३ घेतले तर ३.४३, अर्धवट भरपाई. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचे आणि मागचे क्राऊन-पिनियन एकाच प्रमाणाचे असावे लागते, म्हणून खर्च दुप्पट होतो. हे काम कसबाचे आहे, दातांची बैठक चुकली तर अ‍ॅक्सल हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये भुणभुणू लागतो. पाचवे चाकही त्याच मापाचे घ्यावे लागते. लहान व्यासाची स्टेपनी लावून फोर-व्हील ड्राइव्ह जोडला, तर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि मधल्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. आणि पस्तीस इंची स्टेपनी मालवाहू हौद्याखालच्या मूळ जागेत मावते का, हेही आधी पाहावे लागते.

भारतात पिकअप हे मुख्यतः मालवाहू वाहन असले, तरी थार, हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस यांच्या मालकांना हाच मोह पडतो. त्यांच्यासाठी कंपनीने स्वतः दिलेली दोन मापे तुलनेला उपयोगी आहेत. हायलक्सला २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ अशी मापे येतात. रिम इंचाने वेगळी, पण एकूण व्यासात जेमतेम मिलिमीटरचा फरक. २०२० च्या थारची २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ ही मापे धरली तर व्यास ७७४ आणि ७८९ मिमी येतो, फरक दोन टक्क्यांचा. कंपनीचा अभियंता एका गाडीसाठी किती मोकळीक घेतो, याचा अंदाज यावरून येतो. कायद्याच्या बाजूने मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ लागू होते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, असे ते सांगते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा काटेकोर अर्थ लावला आहे. त्यामुळे त्याच गाडीच्या वरच्या आवृत्तीला कंपनीने दिलेले माप घेणे आणि त्याच्या पलीकडे जाणे, या दोन गोष्टींसाठी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे आधी चौकशी करणे गरजेचे ठरते.